पाठमोरे आबा

तो गोल अक्षयने खाल्ला नव्हता, मी खाल्ला होता. बारामतीत अजूनही काही जण त्याला 'अक्षयचा गोल' म्हणतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आबांबद्दल लिहायला बसलो आहे, पण हे सांगितल्याशिवाय आबांबद्दल एक ओळही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. आमचा फुटबॉल क्लब कामकरी पोरांचा. कुणी एमआयडीसीत, कुणी डेअरीत, अक्षय ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये. तरुणपणी मी त्याच क्लबकडून खेळलो होतो, म्हणून मॅनेजर झालो, आणि कोच सोडून गेल्यावर कोचही. त्या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो. सामना इंदापूरच्या मैदानावर होता. संपायला दोन-तीन मिनिटं उरली असताना त्यांचा एक लांब बॉल अक्षयच्या डोक्यावरून मागे गेला. अक्षय आमचा गोलकीपर. तो वळून धावला आणि बॉलच्या बरोबरीला आला. हात लांबवून त्याला तो बाहेर ढकलता आला असता. पण तसा ढकलला तर त्यांना कॉर्नर मिळणार, आणि त्या दिवशी मला कॉर्नरची भीती बसली होती. मी गोलच्या बाजूलाच उभा होतो. अक्षयला बॉल दिसत होता, पोल दिसत नव्हता. पोल मला दिसत होता. मी ओरडलो, "सोड, अक्षय! बाहेर आहे!"

त्याने हात मागे घेतला. बॉल मुरमाच्या उंचवट्यावर वळला, पोलच्या आतल्या बाजूला लागला आणि गोलमध्ये गेला.

गलका एवढा होता की माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. लोकांना दिसलं ते एवढंच, की अक्षयने पुढे केलेला हात मागे घेतला. आणि इंदापूर तालुक्यात अक्षयचं आजोळ. त्याचा मामा त्या दिवशी दोरीपलीकडे उभा होता.

परतीच्या टेम्पोत आमचा कप्तान महेश मोठ्याने म्हणाला, "मामानं भाच्याला आहेर करायचा असतो. हितं भाच्यानं मामाला केला."

टेम्पो हसला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. काचेतून बाहेर ऊस बघत राहिलो. ओरडणं ही चूक होती, ती कुणाचीही होऊ शकते. पण त्या हसण्याच्या वेळी मी बोललो नाही, ती चूक माझी एकट्याची.

कऱ्हाटीत एक म्हातारा आहे, खडकीच्या एका कारखान्याच्या टीममधून वीस वर्षं खेळलेला, असं कुणीतरी सांगितलं. मी कोचपद सोडलंच होतं. महेश आणि मी त्यांना विचारायला गेलो. पूर्वी त्यांच्या घरात मेंढरं होती, आता थोडी शेती. आबा मक्याला पाणी देत होते. अंगात पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत खोचलेला पायजमा, आणि पायजम्याखाली फुटबॉलचे लाल-काळे मोजे. पुढे मला कळलं, की लग्नाकार्यातही ते हेच मोजे घालतात.

"टीम हारलेली हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग येतो. जिकलेल्यांना कोण काय ऐकवणार?" मग बांधावर फावडं टेकवत म्हणाले, "त्या म्याचला मी होतो की. लेक इंदापुरातच दिलीया."

मी विचारलं, "मग तुम्ही पाहिला असेल तो गोल."

"न्हाय. मी म्याच बघत नसतो. पाठ करून बसतो."

महेशने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हातारा सटकलेला आहे, असा त्याचा अर्थ. मला मात्र हायसं वाटलं. पाठ करून बसलेल्या माणसाला काय दिसणार?

आबा खरोखरच पाठ करून बसत. बारामतीलगतच्या जळोचीच्या कडेला, शेतांना पाणी नेणाऱ्या पाटाच्या चारीलगत आमचं मैदान. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांसाठी सराव सकाळी उजाडताच सुरू व्हायचा. आबा आले, कोपऱ्यातलं घमेलं पालथं घातलं आणि मैदानाकडे पाठ करून त्यावर बसले. समोर नुसती ज्वारी. म्हणाले, "खेळा."

वीस मिनिटं पोरं खेळली. आबांनी मान वळवली नाही. मग त्यांनी जिभेने टाळूवर एक आवाज काढला, मेंढरं वळवताना काढतात तसा. शिट्टी त्यांनी शेवटपर्यंत वापरली नाही. पोरं जमली.

"किती जण खेळत होता?"

"एका बाजूला अकरा," महेश म्हणाला.

"मला चारच ऐकू आले. तुझा आवाज लई. उजवीकडचा लंगडा पळणारा, त्याचा बरा. बाकीचं मुकं हायत व्हय?"

उजवीकडच्या पोराच्या टाचेला खरंच लागलं होतं. त्याने ते आमच्यापैकी कुणालाही सांगितलं नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"आन् मागं गोली हाय का न्हाय?" आबांनी विचारलं. "वीस मिंटात त्याचं नाव कुणी घेतलं न्हाय. एकदाबी."

अक्षय हातमोजे काढत खाली बघत होता. पराभवानंतर आमचा बचाव त्याच्याकडे बॉल मागे देतच नसे. अडचणीत सापडला तरी महेश बॉल उसात घालवायचा, पण अक्षयला द्यायचा नाही. ते डोळ्यांनी बघत असूनही मी ते मान्य केलं नव्हतं. आबांनी ते पाठीने ऐकलं होतं.

आबा हजेरी घेत नसत. पोरांवरून एक नजर फिरवायचे आणि कोण आलं नाही ते सांगायचे. "मेंढरं मोजायची नसत्यात, वळखायची असत्यात. मोजलं की आकडा ध्यानात ऱ्हातो, मेंढरू न्हाय." सराव संपला की उपरण्याची गाठ सोडायचे. त्यात शेंगदाणे आणि गूळ असायचा. सगळ्यांनी त्या एकाच उपरण्याभोवती बसून खायचं. हातात घेऊन बाजूला जायला बंदी. एक पोरगा मूठ भरून मोटारसायकलकडे निघाला तर आबा म्हणाले, "ठेव खाली. एकट्यानं खायचं आसंल तर घरनं आण." मलाही त्या रिंगणात बसावं लागे. माझ्या बरोबर समोर अक्षय असायचा. तो माझ्याकडे बघायचा नाही. आणि रागानेही बघायचा नाही, हे मला जास्त जाचायचं.

दहा वर्षांपूर्वी तो माझा विद्यार्थी होता. वर्गात त्याने मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. बहुधा त्या सवयीवरच मी जगत होतो.

आबांचा एकच नियम होता. खेळताना माणसाला अर्धंच मैदान दिसतं, उरलेल्या अर्ध्यासाठी दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात. म्हणून ज्याची पाठ, त्याला हाक मारायची. आणि हाक ऐकून माणूस चुकला तर चूक हाक मारणाऱ्याची. "ऐकणाऱ्याची कधीच न्हाय," ते बोट नाचवत म्हणायचे. "त्यानं तर तुमच्यावर भरवसा ठिवला. भरवसा ठिवणाऱ्याला कोण शिक्षा करतं का?"

हे ते सगळ्यांना सांगायचे. मला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं, की ते माझ्या कानात बोलताहेत. मग त्यांची पाठ आठवायची आणि मी स्वतःला समजवायचो, की यांना काही माहीत नाही.

त्याच दिवसांत अक्षयची आई मला भाजीबाजारात भेटली. दिवाळी होऊन गेली होती. मेथीची जुडी हातात घेऊन ती म्हणाली, "सर, औंदा मी भावाला ओवाळलं न्हाय. पोरगंच म्हणलं, नको जाऊस आई. लोक म्हणतील बक्षीस आणायला गेली."

मी काहीतरी पुटपुटलो.

"तुमी तर तितंच होता, सर. खरं सांगा. माझ्या लेकानं मुद्दाम सोडला का वो बॉल?"

माझ्यासमोर उभी राहून एका आईने सरळ प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, "नाही हो. खेळात होतं असं कधीकधी."

ती मान हलवून गेली. तिला उत्तर मिळालं नव्हतं, आणि ते माझ्याकडे होतं, हे तिला माहीत नव्हतं.

खोटं बोलणाऱ्याला एक सोय असते, आपण खोटं बोललो हे त्याला कळतं. गप्प बसणाऱ्याचं तसं नसतं. तो रोज नव्याने गप्प बसतो आणि रोज त्याला नवं कारण लागतं. पहिल्या दिवशी माझं एक वाक्य पुरलं असतं. महिन्याभराने त्या वाक्याला 'इतके दिवस का बोलला नाहीत' हे शेपूट लागलं होतं, आणि मी त्या शेपटालाच भीत होतो.

एका सकाळी महेश आणि आबांचं वाजलं. आबांनी त्याला बॉल मागे अक्षयला द्यायला सांगितलं आणि महेशने तो मुद्दाम लाथेने चारीत उडवला.

"आबा, तुमी नवं हायसा. तुमाला ठावं न्हाय. ह्याच्यावर आमचा भरवसा न्हाय."

"बरं," आबा म्हणाले. त्यांनी उपरणं झटकून शेंगदाण्याची टरफलं पाडली. "डोळं बांध."

चारीवर पलीकडे जायला एक अरुंद फळी टाकलेली होती. खाली कमरेएवढं पाणी, थंडीचे दिवस. आबांनी त्याच उपरण्याने महेशचे डोळे बांधून त्याला फळीपाशी उभं केलं आणि अक्षयला पलीकडे पाठवलं. "ह्याला आण तिकडं."

महेशने दोन शिव्या दिल्या. पोरं हसायची थांबली होती. चारीतून पाण्याचा आवाज येत होता. अक्षयने आधी वाकून फळी चाचपली. मग हळू म्हणाला, "डावा पाय पुढं. अजून. थांब. फळी हितं वाकलीया, उजवीकडं झुकू नको." महेश हात पसरून एकेक पाय सरकवत होता. मधोमध तो अडला. "अक्ष्या, पाडशील बग," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. अक्षय म्हणाला, "पाडायचं असतं तर मगाशीच पाडलं असतं. चल." पोरं खुदकन हसली. महेश पलीकडे पोचला, डोळ्यांवरचं सोडलं आणि अक्षयच्या पाठीवर एक थाप मारली.

मग एकेक जोडी झाली. ज्याचं ज्याच्याशी पटत नव्हतं, आबांनी नेमकं त्यांनाच समोरासमोर उभं केलं. दोघे पाण्यात पडले, बाकीचे पार झाले. शेवटी अक्षय उरला. त्याचे डोळे बांधले. आणि आबा म्हणाले, "मास्तर, तुमी हाक द्या."

मी पलीकडे गेलो. "अक्षय, उजवा पाय पुढे टाक."

त्याचा पाय हलला नाही.

"अक्षय, मी आहे. पुढे ये."

तो तसाच उभा. त्याची मूठ वळलेली दिसली. पोरांना वाटलं तो पाण्याला भितोय. कुणीतरी ओरडलं, "अरं चल की, सर हायत!" मी तिसऱ्यांदा हाक मारली. त्याने डोळ्यांवरचं उपरणं स्वतःच काढलं, घडी घातली, आबांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "गॅरेजला उशीर व्हतोय."

त्या दिवशी त्याला गॅरेजवर दुपारी जायचं होतं. ते मला माहीत होतं.

तो मोटारसायकल सुरू करत असताना मी त्याच्यामागे गेलो. "अक्षय, काय झालं?" असं मी विचारलं. हो, मीच विचारलं. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो याचा मला त्या प्रश्नाने अंदाज आला.

त्याने किक मारायची थांबवली. "सर, मी वाट बगत होतो. टेम्पोत वाटलं, तुमी आत्ता सांगाल. मग वाटलं, उद्या सांगाल. आता वाट बगायचाबी कंटाळा आलाय. एवढी एक इंदापूरची म्याच खेळतो आन् सोडतो." आणि तो गेला.

इंदापूरची मॅच आबांनीच ठरवली होती, जावयाच्या ओळखीने. कप नाही, बक्षीस नाही. "जितं पडलं तितंच उचलायचं," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी परत आलो तेव्हा पोरं पांगली होती. आबा घमेल्यावर बसले होते, ज्वारीकडे तोंड करून. मी त्यांच्यामागे उभा राहिलो.

"मास्तर," ते न वळताच म्हणाले, "तुमच्या हाकंवर त्याचा पाय का उचलत न्हाय?"

"मला काय माहीत."

"बरं." त्यांनी एक शेंग फोडली. "कऱ्हाटीत मला न्यायला आला व्हता, तवा तुमी दोन वाक्यं बोलला. दुसऱ्या वाक्याला मी आवाज वळखला."

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"पाठ केल्यावर काय दिसत न्हाय. ऐकायला मात्र सगळं येतं. गोलच्या मागंच बसलो व्हतो मी, जावयाच्या शेजारी."

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत? दोन महिने झाले."

आबांनी शेंगदाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली. टरफल उडालं. "माझी हाक न्हवती ती, मास्तर. तुमची व्हती."

याहून जास्त ते काहीही बोलले नाहीत. मला रागावले नाहीत, मुदत दिली नाही, धमकी तर नाहीच. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं गूळ-शेंगदाण्याला बोलावलं. मॅचपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. वर्गात नद्यांची खोरी शिकवताना मध्येच गप्प व्हायचो. बायको विचारायची, "काय झालंय?" आणि मी म्हणायचो, "काही नाही." आता ते 'काही नाही' मलाच ऐकवत नव्हतं.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण सामन्याचा निकाल हा या गोष्टीचा शेवट नाही. तो सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. उत्तरार्धात महेशने अक्षयला सहा वेळा बॉल मागे दिला. दर वेळी त्याचं नाव घेऊन. मी मोजलं. आबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, मोजू नका. त्यानंतर आबा जळोचीला आले नाहीत. आम्ही बोलवायला गेलो तर म्हणाले, "आता कशाला? तुमचा गलका कऱ्हाटीपतुर ऐकू येतोय." अजूनही मका आणि मोजे, दोन्ही तसेच आहेत. अक्षय खेळतो. माझ्याशी बोलतो, पण पूर्वीसारखा नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता तो मध्यंतर.

पूर्वार्ध आमचा वाईट गेला. मैदान तेच, गोलही तोच. महेशचं मन चारीवर वळलं होतं, पण पाय अजून वळले नव्हते. इंदापूरच्या लोकांसमोर, त्याच गोलपाशी, जुना संशय पुन्हा वर आला. बॉल मागे द्यायची वेळ आली तेव्हा तो अडखळला, मध्ये इंदापूरचा पोरगा घुसला आणि आमच्यावर गोल झाला. दोरीपलीकडून कुणीतरी आरोळी दिली, "दुसरा आहेर!" टेम्पोतली कोटी इथवर पोचली होती. अक्षयचा मामा लांब, आपल्या मोटारसायकलला टेकून उभा होता. तो दोरीजवळ आलाच नव्हता. भाच्याला आपलं तोंड दिसू नये असंच त्याला वाटत असावं.

मध्यंतरात पोरं बसली. कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. अक्षय आमच्याकडे पाठ करून गोलच्या दिशेने तोंड करून बसला होता आणि हातमोज्यांची पट्टी उगाच सोडत-लावत होता. आबांनी उपरणं मधोमध पसरलं. त्याला कुणी हात लावला नाही.

"मला आज काय बोलायचं न्हाय," आबा म्हणाले. "ज्याला बोलायचं त्यानं बोलावं." आणि सोबत आणलेल्या घमेल्यावर ते मैदानाकडे पाठ करून बसले.

पंच घड्याळ बघत होता. मला कळत होतं, की आता गप्प बसलो तर कायमचा गप्प बसेन. हा पोरगा आजची मॅच खेळेल, हातमोजे गॅरेजच्या खिळ्याला अडकवेल, आणि पुढच्या भाऊबिजेलाही त्याची आई घरीच बसेल.

मी उभा राहिलो. "अक्षय," मी म्हणालो, "तुझ्या मामांना इकडे बोलाव."

तो वळला नाही. "कशाला, सर?"

तेवढ्यात आबांनी जिभेने तो आवाज काढला, मेंढरं वळवण्याचा, आणि हातातली काठी उंच केली. लांबवर मोटारसायकलला टेकलेला मामा दचकला. एवढ्या ताणात दोन पोरं हसली. मामा दोरी ओलांडून आला आणि अवघडून कडेला उभा राहिला.

मग आबा घमेल्यावरून उठले, ते उचलून त्यांनी फिरवून ठेवलं आणि आमच्याकडे तोंड करून बसले. त्यांनी मैदानात असं केलेलं आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. पोरंही माझ्याकडे बघू लागली. अक्षयची पाठ तेवढी होती.

"त्या दिवशी अक्षयने बॉल सोडला नाही," मी म्हणालो. माझा आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो. "मी सोडायला लावला. मी इथे उभा होतो. मी ओरडलो, सोड, बाहेर आहे. त्याला पोल दिसत नव्हता, मला दिसत होता. त्याने माझं ऐकलं. महेश, टेम्पोत तू बोललास तेव्हा मी पुढे बसलो होतो. मी गप्प बसलो. मामा, तुमच्या बहिणीने मला बाजारात विचारलं, तेव्हाही मी गप्प बसलो. तिने तुम्हाला ओवाळलं नाही ते माझ्यामुळे. मी उद्या तिच्याकडे जाऊन हेच सांगणार आहे."

महेशने मान खाली घातली. मामाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

अक्षय हळूहळू वळला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण तो रडत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी त्याच्यापुढे गेलो. तो माझा विद्यार्थी होता, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. मी हात जोडले.

"अक्षय, हाक माझी चुकली, आणि शिक्षा तू भोगलीस. मला माफ कर."